कन्या २

मंडळी, विषय दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारांचा आहे, पण सुरुवात कुलवृत्तांतापासून करतो. कोकणी माणूस मुंबईला जातो, दहा बाय दहाच्या खोलीत दिवस काढतो आणि हातात चार पैसे आले की कुलवृत्तांत छापतो. मीही वर्गणी दिली. ग्रंथ आला. मूळ पुरुषापासूनच्या पिढ्या, कोण कुठे खोत होता, सगळं त्यात. माझ्या दोन आत्या? ‘कन्या २’. नाव नाही, दिली कुठे तेही नाही. धाकटीने मला ओल्या काजूंची उसळ करून घातलीय हो! संपादकांना पत्र लिहिलं. म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. म्हणजे साधारण माझ्या वर्षश्राद्धाला. (हशा)

तर एकदा देवगडकडचे एक गृहस्थ आले. तिशीतले, रातांधळेपणा, बाजूचं दिसणं आखडत आलेलं. रेटिनायटिस पिगमेंटोजा, म्हणजे आरपी. साधारण चार हजारांत एकाला होतो. ‘आमच्यात कुणाला नाही,’ म्हणत त्यांनी पिशवीतून कुलवृत्तांतच काढला. त्यात खरंच कुणी नव्हतं. तेवढ्यात दाराशी बसलेली आई म्हणाली, ‘माज्या भावाक पण रातचा दिसणा नाय.’ लेक उखडला, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणते, ‘तो खय तुमच्या घराण्यातलो? तो म्हायारचो!’

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. शेवटची एसटी आहे, मान्य. भराभर सांगतो.

आरपी वारशाने येण्याचे मुख्य प्रकार तीन. प्रभावी प्रकारात सदोष जनुकाची एक प्रत पुरते. आजार पिढ्यानपिढ्या चालतो, बापाकडून मुलाकडेही जातो. अप्रभावीत आईबाप दोघे वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगणारे, पण स्वतः ठणठणीत. प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. तिसरा एक्स गुणसूत्राचा. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, म्हणून बापाचा आजार मुलाकडे जात नाही, मुली मात्र सगळ्या वाहक. मामा-भाचे दिसले की पहिला संशय याचा.

आता फसगत कुठे होते? वाहक बाईलाही कधी त्रास होतो, मग कुटुंब प्रभावी वाटतं. किंवा आजारी भाच्याने त्याच आजारी मामाची मुलगी केली. ती वाहक असणारच. त्यांच्या मुलाला आजार झाला तर कागदावर तो बापाकडून आल्यासारखा दिसतो. आलेला असतो आईकडून. उलट, प्रभावी आजार कधी एक पिढी गाळूनही पुढे जातो.

जनुक तपासणी आहे ना, असं तरुण डॉक्टर म्हणतात. आहे. १९९० साली रोडॉप्सिनच्या, म्हणजे दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकातला दोष सापडला, तेव्हापासून यादी वाढतेच आहे. पण एक्सवरच्या आरपीजीआर जनुकाचा एक पट्टा इतका पुनरुक्तीचा आहे की नेहमीच्या तपासणीतून दोष निसटतो. तिथे मुद्दाम शोधा, हे वंशावळच सांगते.

हो, ते देवगडचे गृहस्थ. त्यांना दोन मुली. वाहक बाई दाखवताना आम्ही गोल काढून मध्ये ठिपका देतो. दोन गोल काढले, दोन ठिपके दिले, आणि आधी नावं विचारून घेतली.