टोचणी आणि मदतीचा हात

श्रोतेहो, नमस्कार.

1972 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बाजारात खरेदीला आलेल्या बायकांना एक माणूस विचारायचा, ‘माझा एक फोटो काढता का?’ कॅमेरा मुद्दाम बिघडवलेला; बटण दाबलं तरी चालायचा नाही. काही जणींना तो म्हणायचा, ‘हा असाच त्रास देतो, तुमचा दोष नाही.’ बाकीच्यांना मात्र वाटू द्यायचा की तो त्यांच्याच हातून बिघडला. थोडं पुढे दुसरीच एक बाई दिसायची. तिची पिशवी फाटलेली, त्यातून खाऊच्या गोळ्या सांडत असलेल्या. निर्धास्त बायकांपैकी 15 टक्के जणींनी तिला सावध केलं. मनाला लागून राहिलेल्यांपैकी 55 टक्के जणींनी!

पण या पिशवीवालीचा कॅमेऱ्याशी काय संबंध? काहीच नाही. आपल्या हातून चूक झाल्याची टोचणी लागली की मन हलकं व्हायला हवं असतं, समोर कोण आहे हे ते फारसं पाहत नाही. आणि ते दुसऱ्या कशाने हलकं झालं की हात आखडतो. 1973 च्या एका प्रयोगात चूक घडल्यानंतर मध्येच कुणी कौतुक केलं किंवा थोडे पैसे हातात पडले, तर मदतीची तयारी कमी झाली. 1975 च्या अभ्यासात चर्चमध्ये कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, निघालेल्यांनी ते करून आलेल्यांपेक्षा जास्त दान दिलं.

निधी गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांनो, टोचणीने मदत मिळते म्हणून ती वाढवत नेऊ नका. ती जास्त झाली की समोरच्याला राग येतो. नोकरदार आयांना जाहिराती दाखवून 1995 साली हे तपासलं गेलं आहे. ‘तुमची मुलं मजेत, ही उपाशी’ असं ऐकवलं की दार बंद. त्यापेक्षा ‘एका मुलीच्या वह्यांसाठी 400 रुपये, शुक्रवारपर्यंत’ असं सांगा. झेपेल एवढं काम समोर असलं की माणूस तिथल्या तिथे हो म्हणतो.

घरातला धोका वेगळा आहे, आणि तो लवकर ध्यानात येत नाही. मुलाच्या स्नेहसंमेलनाला जायचं राहिलं, म्हणून रविवार त्याला दिला. पण त्या रविवारी आईला डोळे तपासायला न्यायचं ठरलं होतं. डच संशोधकांनी 2011 मध्ये हेच दाखवलं: ज्याला दुखावलं त्याची भरपाई माणूस बऱ्याचदा स्वतःच्या वाट्यातून करत नाही, तिसऱ्याच्या वाट्यातून करतो. तेव्हा भरपाईचा दिवस ठरवण्याआधी कॅलेंडर उघडा, आणि त्या तारखेला आधी कुणाला शब्द दिलाय ते पाहा.