होय म्हाराजा

मंडळी, आज मी एकाच शब्दावर बोलणार आहे. तो तुम्ही सगळ्यांनी देवळात उभं राहून म्हटलेला आहे. होय.

देशावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आपल्याकडे तळकोकणात मात्र गाऱ्हाणं देवाला घालतात. नारळ, विडा पुढ्यात ठेवलेला असतो, मानकरी हात जोडतो आणि एका दमात सुरू होतो : "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वाडीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा…" तो श्वास घ्यायला थांबला की मागून सगळे एका आवाजात, "होय म्हाराजा!" पुन्हा तो, "आज जो काय ह्या लेकरांनी नारळ ठेयलो आसा, तो मान्य करून घे. चुकलामाकला पदरात घे. एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर…" पुन्हा होय म्हाराजा.

आता हा होय नीट ऐका. बाजारात 'बांगडो ताजो आसा?' ह्या प्रश्नाला येतो तो होय वेगळा, हा वेगळा. इथे कुणी काही विचारलेलंच नाही. मग आपण होय कशाला म्हणतो?

त्याचं उत्तर शब्दाच्या कुळात आहे. होय हे मुळात क्रियापद. संस्कृतात 'भवति', म्हणजे होतं, घडतं. महाराष्ट्री प्राकृतात त्याचं झालं 'होइ', आणि तेच आपलं होय. शब्दाच्या सुरुवातीचा भ मराठीत सहसा टिकतो. भ्रातृचा भाऊ झाला, भक्तचा भात झाला, भ तसाच राहिला. पण भवति दिवसभर प्रत्येकाच्या तोंडी. पायरीचा दगड पायांनी झिजावा तसा तो भ झिजला आणि नुसता ह उरला.

हे क्रियापद अजून जिवंत आहे. 'शेक्सपिअर हा इंग्रज नाटककार होय' असं आपण लिहितो, आणि उलट सांगायचं तर 'नव्हे'. नव्हे म्हणजे न आणि होय, एकजीव झालेले. बोलताना पुढचं सगळं गळालं, एकटं क्रियापद उरलं आणि त्याचा उद्गार झाला. पुढे हो, होकार. सूर बदलला की अर्थ बदलतो : 'होय रे?' म्हणजे नवल, 'होय तर!' म्हणजे ठाम दुजोरा, 'होय मां?' म्हणजे तूही तसं म्हण.

गाऱ्हाण्यातला होय मला ह्या सगळ्यांत जुना वाटतो. त्यात भवति ऐकू येतं : घडो, असंच होवो. ह्याच किनाऱ्यावर चर्चमध्ये आमेन म्हणतात आणि मशिदीत आमीन. त्या शब्दाचं मूळ हिब्रूत असून 'पक्कं, भक्कम' हा त्या धातूचा अर्थ. आपल्या पुराणांत देव 'तथास्तु' म्हणतो, तसंच असो. तो शब्द वरून खाली येतो. होय म्हाराजा मात्र माणसांचा आहे. मागणं एकाचं असतं, नारळ एकाच्या घरचा असतो, आणि वाडीतली पन्नास माणसं ते मागणं आपलं करून घेतात. कुणाच्या होडीसाठी, कुणाच्या मुंबईतल्या लेकासाठी. ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे, त्याच्या नारळालाही होय म्हणावंच लागतं. मला तर ह्या शब्दाची खरी ताकद इथेच दिसते.

माझ्या आजीला शेवटच्या वर्षांत काहीच ऐकू येत नसे. तरी जत्रेला ती खांबाला टेकून उभी राही आणि शेजारणीच्या ओठांकडे बघत असे. ते हलले की हिचा होय निघे, सगळ्यांच्या मागून, एकटा, पातळ आवाजात. गाऱ्हाणं घालणारे मानकरी वयाने तिच्याहून लहान. सगळ्यांचा होय झाला तरी ते पुढचं वाक्य उचलत नसत. खांबाकडून तो एक होय आला की मग म्हणत, "आणि बा देवा म्हाराजा…"