घराचा व्हॉल्व्ह कुठे आहे?

(फिल्मचं पहिलं दृश्य. गच्ची. काळ्या टाक्यांची रांग, त्यांच्या पोटातून निघून कठड्यापलीकडे उतरणारे पाइप.)

नवी मुंबईतलं नेरूळ. सिडकोने बांधलेली, तळमजला अधिक तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत. खालापूरजवळच्या मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात येतं, इमारतीच्या खालच्या टाकीत पडतं, पंपाने इथवर चढतं आणि इथून आपल्याच वजनाने घराघरांत उतरतं. टाकी आणि नळ यांच्यात दहा मीटर उंचीचा फरक असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब मिळतो. म्हणून तळमजल्यावर बादली धडाधड भरते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी शॉवरखाली ताटकळतात.

टाकीखाली लोखंडी चाकं दिसतायत, ते व्हॉल्व्ह. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या लाइनचा, हे विचारल्यावर वॉचमनकाकांनी आठवून एक फिरवला. थोड्याच वेळात जिन्यातून हाक आली.

"काका, पाणी कोणी घालवलं? माझ्या डोक्याला साबण आहे!"

चुकीची लाइन. घरगुती दुरुस्तीवरची ही फिल्म आम्ही पान्यापासून सुरू करणार होतो, पण तिची खरी सुरुवात या हाकेपासून होते. वॉशर बदलणं फार अवघड नाही. पण पाणी कुठे बंद होतं ते ठाऊक नसेल, तर पहिलीच आटी सुटल्यावर नळाला बोट लावून उभं राहायची वेळ येते.

(तिसरा मजला. बाथरूमच्या दारावरची लहान झडप उघडते.)

गच्चीवरचा व्हॉल्व्ह अख्खी उभी लाइन बंद करतो. एकट्या घराचा कॉक वेगळा असतो. कधी बाथरूमच्या दारावर, कधी डक्टमध्ये, कधी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, आणि नूतनीकरण करताना कोणी टाइल्सच्या आड गाडला असेल तर देवच जाणे. तो सापडला की बघायचं, चाकाचा आहे की दांडीचा. दांडीचा असेल तर गोष्ट सोपी: दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, पाइपाला आडवी म्हणजे बंद. चाकाचा जुना गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवला नसेल, तर तो अडतो. त्यावर पाना लावून जोर करायचा नाही, दांडा तुटला तर पाणी ना धड चालू ना धड बंद. अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे, असं हळूहळू खेळवत न्यायचं. वर्षातून दोनदा नुसताच बंद-चालू केला, तरी तो अडत नाही.

या घरातल्या वहिनींनी तो बंद केलाय. आता गळका नळ.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. तळाशी बादली लावून ठेवली की हा आकडा डोळ्यांना दिसतो. वहिनी आधी नळ उघडा ठेवून पाइपात उरलेलं पाणी काढून टाकतात. मग न्हाणीच्या जाळीवर फडकं टाकतात. हे महत्त्वाचं, कारण मुठीचा बारीक स्क्रू हमखास जाळीतूनच खाली जातो. नळाच्या चकचकीत भागावर पाना लावताना मध्ये कापड, नाहीतर ओरखडे पडतात. गाभा बाहेर आला. नळ जुन्या पद्धतीचा, चार-पाच वेळा फिरवायचा असेल, तर टोकाला रबराचा वॉशर असतो आणि त्यावर गोल खाच पडलेली दिसते. पाव फेऱ्यात उघडणारा असेल, तर आत सिरॅमिकच्या दोन चकत्यांचा स्पिंडल असतो. त्यात वॉशर बदलत बसायचं नाही, स्पिंडलच नवीन घालायचा.

(हार्डवेअरचं दुकान. गल्ल्यामागे फिटिंगचे डबे.)

दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: "जुना आणलाय?" मोबाइलवरचा फोटो इथे चालत नाही. स्पिंडलचे दाते, लांबी, आटे कंपनीगणिक वेगळे असतात, आणि अर्धा इंच म्हणून नेलेली वस्तू पाऊण इंचाच्या तोंडावर बसत नाही. जुना भाग खिशात टाकून न्यावा, शेजारी ठेवून जुळवावा. सोबत टेफलॉन टेप घ्यावी. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून ती घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे फिटिंग आवळताना टेप सुटत नाही, उलट घट्ट बसते.

आता एक सूचना, जरा रागानेच. गळत्या, ओल्या पाइपावर एम-सील थापून हात झटकणाऱ्यांची संख्या या शहरात कमी नाही. ते कोरड्या, घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर धरतं. जुन्या इमारतींतल्या लोखंडी जीआय पाइपाचा आटा गंजून गळत असेल, तर वरून लिंपल्याने आतला गंज थांबत नाही. तो तुकडा बदलावा लागतो, आणि ते काम प्लंबरचं. पाइप कापायचा असेल तिथे आपण थांबायचं.

वास मारणाऱ्या बाथरूमवर मात्र कधीकधी पैसाही लागत नाही. न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या खोलगट भागात, साठलेलं पाणी हेच गटाराच्या हवेला अडवणारं दार असतं. पाहुण्यांचं बाथरूम महिनाभर वापरलं नाही की ते पाणी उडून जातं. तांब्याभर पाणी ओतायचं. बस.

(दरवाजामागचा वीजपेटीचा फलक. बोट एका बटणावर थांबतं.)

विजेचा व्हॉल्व्ह इथे आहे. रांगेतले छोटे खटके म्हणजे एमसीबी, त्या तारांना वाचवतात. भार जास्त झाला किंवा शॉर्ट झाला की त्या पडतात, म्हणजे आपोआप बंद होतात. जिच्यावर टी अक्षराचं बटण आहे ती आरसीसीबी माणसाला वाचवते. गेलेला करंट आणि परतलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठून तरी वीज जमिनीकडे वाट काढतेय असं समजून ती सगळं तोडते. ते बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर पडली नाही, तर ती नुसती भिंतीची शोभा आहे.

पावसाळ्यात खाडीकाठच्या या शहरात तिचं पडणं वाढतं. बाल्कनीतल्या पॉइंटमध्ये ओल शिरते. मग शोध असा घ्यायचा: सगळ्या एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर. जिच्यावर पडेल, त्या लाइनवरचे सगळे प्लग काढायचे आणि पुन्हा बघायचं. प्लग काढल्यावर टिकली, तर दोष उपकरणात. सगळं काढूनही पडली, तर भिंतीतल्या तारेत किंवा पॉइंटमध्ये, आणि तिथे इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. "सारखी पडते" म्हणून आरसीसीबी काढून थेट जोडणी करून घेणारी घरं आहेत. तिथे पुढचा दोष कळवायला कुणी उरलेलंच नसतं.

आपण किती करायचं याची रेघ कायद्याने कधीच आखलीय. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम सांगत होता की वीजजोडणीचं काम परवानाधारकानेच करावं, पण दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलायला, मूळ जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलत नसेल तर, हरकत नाही. २०१० च्या नियमावलीतही ही सूट राहिली. म्हणजे खराब स्विचच्या जागी तसाच स्विच, चालेल. नवा पॉइंट काढणं, नाही. आणि मीटरचं सील तोडणं हा तर २००३ च्या वीज कायद्याखाली गुन्हाच.

पंखा गरगरण्याऐवजी रेंगाळतोय? बऱ्याचदा दोष कपॅसिटरचा. जुन्यावर २.५ लिहिलं असेल तर नवाही २.५ मायक्रोफॅरडचाच. नुसतं बटण बंद करून स्टुलावर चढायचं नाही. जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर बसवलेला सापडतो, तेव्हा बटण बंद असूनही पंख्यात वीज असते. एमसीबीच खाली करायची, मग टेस्टर लावायचा, आणि टेस्टर चालतोय की नाही हे आधी चालू पॉइंटवर बघून घ्यायचं. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरू शकतो, त्याच्या दोन टोकांना बोटं लावू नयेत.

(बाथरूम. गिझरच्या तळाशी एक बारीक नळी, तिच्या टोकाला थेंब.)

हा थेंब बघून अनेकजण घाबरतात, काहीजण नळीला बूच लावतात. बूच लावायचं नाही. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं, तर साधारण एक तृतीयांश लिटर जागा जास्त मागतं, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढी वाट करून देतो. तापताना चार थेंब पडणं ठीक. गिझर बंद असतानाही धार लागली, तर मेकॅनिक.

दोन हजार वॉटचा गिझर २३० व्होल्टवर नऊ अँपिअरच्या जवळपास करंट ओढतो. त्याला १६ अँपिअरचा जाड पिनांचा पॉइंटच हवा. अडॅप्टर लावून सहा अँपिअरच्या पॉइंटवर चालवला, की पिना पिवळ्या-काळ्या पडतात. तसा प्लग दिसला तर एमसीबी खाली करून बदलावा, सॉकेट वितळलं असेल तर तेही. गिझरच्या आतली कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट मात्र आपल्या यादीत नाही. पाणी आणि वीज एकाच भांड्यात आहेत.

गॅस गिझरला तर हातही लावू नये. बंद बाथरूममध्ये तो जळताना ऑक्सिजन कमी पडला, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. यंत्र बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी.

(जिना. दोन मजल्यांमधली ओली भिंत.)

खालच्या काकांच्या छतावर डाग, वरच्यांचं म्हणणं आमचा काय संबंध. हे भांडण सोसायटीच्या सभेइतकंच जुनं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, त्याची वाटणी आहे: सामाईक पाइप, ड्रेनेज आणि फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतच्या वीजतारा सोसायटीच्या, घरातल्या संडास-सिंकची गळती सदस्याच्या खर्चाने.

गच्चीवर आता नवं काम चाललंय. वॉचमनकाका रंगाचा डबा धरून उभे, आणि मघाची साबणवाली ताई एकेक व्हॉल्व्ह बंद करून खाली हाक देतेय. कोणाचं पाणी गेलं ते कळलं की पाइपावर लाइनचा नंबर.

तिसरा व्हॉल्व्ह गॅसचा. पाइपचा गॅस असेल तर तो शेगडीमागे असतो, सिलिंडर असेल तर त्यावरचा रेग्युलेटर, आणि वास आला की पहिला बंद करायचा तोच. त्या वेळी कुठलंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, एक्झॉस्टचंही नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून बाल्कनीचा दरवाजा सताड उघडायचा. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो, खिडक्या उघडायच्या. फोन घराबाहेर जाऊन करायचा.