आधी सतरंजीवर बसा

नमस्कार श्रोतेहो.

मी फिजिओथेरपी शिकवते. बालविभागात विद्यार्थी पहिल्यांदा येतात, तेव्हा मी त्यांना पांढरा अ‍ॅप्रन बाहेर काढून ठेवायला आणि सतरंजीवर बसायला सांगते. पहिला अर्धा तास मुलाला हात लावायचा नाही, केवळ पाहायचे. सांधा किती अंशांत वळतो हे मोजण्यात तरबेज झालेल्या विद्यार्थ्यांना हा अर्धा तास फार जड जातो.

मी शिकत होते तेव्हा मला असे कोणी थांबवले नव्हते. एका रुग्णालयात चार वर्षांच्या मुलाचे ताठरलेले पाय मी सांगितल्याप्रमाणे ताणत होते, आणि तो जितका रडे तितके ते पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. भीतीने आणि रडण्याने असा ताठरपणा वाढतो हे मी वाचलेले होते, परंतु ते माझ्या हाताखाली घडत असताना मला ओळखता आले नाही. पुढच्या खेपेस मला पाहताच त्याने आईचा पदर घट्ट धरला.

आपल्याकडे या विद्येचे मुलांशी नाते जुने आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीस मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, तेव्हा पोलिओने लुळी पडलेली मुले ही मोठी चिंता होती. पोलिओत मज्जारज्जूतील पेशी नष्ट होऊन स्नायू दुबळा होतो, म्हणून उरलेली ताकद वाढवणे हे तेव्हाचे मुख्य काम होते. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आज आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी अनेकांना सेरेब्रल पाल्सी असते. तिच्यात इजा वाढत्या मेंदूला झालेली असते आणि स्नायू बहुधा लुळा नसून ताठ असतो. अशा मुलाला हालचाल करण्याची इच्छा व्हावी लागते, आणि ती खेळातूनच होते. म्हणून खुळखुळा कोणत्या बाजूला, किती उंचीवर धरायचा, हे मी सांध्याचा कोन मोजणाऱ्या गोनिओमीटरइतक्याच काटेकोरपणे शिकवते.

आजारी मूल पाहण्याआधी निरोगी मूल पाहावे, यासाठी आम्ही विद्यार्थ्यांना अंगणवाडीत नेतो. "मान धरली का? पालथा पडतो का?" असे आपल्या घरातली आजी विचारते, तो विकासाचा तक्ताच असतो. पण तो वापरताना वयाचा हिशेब नीट करावा लागतो. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ आठ महिन्यांचे झाले, तरी दोन महिने आधी आल्यामुळे त्याची तुलना सहा महिन्यांच्या बाळाशी करायची असते. हा हिशेब चुकला, तर एखाद्या आईला विनाकारण धास्ती बसते.

आई हा या शिक्षणातला माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मूल आमच्याकडे आठवड्यातून दोनदा, फार तर पाऊण तास येते. उरलेला सगळा वेळ ते घरी असते, आणि घरी त्याला उचलणारे, न्हाऊ घालणारे, भरवणारे हात आईचे, आजीचे, क्वचित वडिलांचे असतात. तेल लावताना मांड्या हळूहळू कशा फाकवायच्या, कडेवर घेताना पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना कसे ठेवायचे, पाटावर बसवून तळपाय जमिनीला कसे टेकवायचे, हे विद्यार्थ्याने तिला सोप्या मराठीत सांगायचे असते, आणि तिने ते एकदा करून दाखवेपर्यंत थांबायचे असते. दहा व्यायाम लिहिलेला कागद हाती देणे मला पटत नाही. स्वयंपाक, शेती किंवा नोकरी सांभाळणाऱ्या बाईला रोज दोनच गोष्टी जमणार असतील, तर त्या दोन कोणत्या हे ठरवण्यातच खरे कौशल्य आहे.

प्रात्यक्षिक परीक्षेत मी विद्यार्थ्याला मुलाच्या घराबद्दल विचारते. उंबरा किती उंच आहे, संडास घरात आहे की बाहेर, मूल झोपते ते खाटेवर की जमिनीवर. याची उत्तरे केसपेपरवर नसतात. ज्याने आईशी बोलणे केले आहे, त्याला ती ठाऊक असतात.