गुटखाबंदी २००५ची, फायदा कधीचा?

नमस्कार मंडळी! गोव्यात गुटख्यावर बंदी आली २००५ मध्ये. बहुतेक राज्यांना त्यासाठी २०१२ उजाडलं. कायदे करण्यात आपण मागे नव्हतो.

पण बंदीला पळवाट निघाली, देशभर. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी. दोन्ही घ्या, तळहातावर मिसळा, झाला गुटखा. तंबाखू वगळला तरी सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे. कुळागरवाल्यांनो (सुपारीच्या बागा तुमच्याच!), माझ्यावर रागावू नका, जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था सांगते हे! तिच्याच हिशेबाने २०२२ मध्ये जगात तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख २० हजार रुग्ण चघळायच्या तंबाखू-सुपारीमुळे झाले. त्यांतले ८३ हजार एकट्या भारतातले.

आता हे रुग्ण आजच्या पुडीचे नव्हेत. तंबाखू लागल्यापासून कॅन्सर दिसेपर्यंत बहुधा वीस-तीस वर्षं जातात. आज पन्नाशीत गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, येणारा माणूस शाळा-कॉलेजात असतानाच पुडीला लागलेला असू शकतो. म्हणून धोरण तपासताना मी एकच विचारतो: पंधरा वर्षांचं पोर यामुळे थांबेल का?

दराने थांबेल. पोराच्या खिशात पैसे कमी, त्यामुळे किंमत वाढली की पहिला तोच मागे सरतो. किरकोळ किमतीत ७५ टक्के कर हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सुटी सिगारेट मात्र सगळ्यावर पाणी फिरवते. पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो, पण एकच सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसतंच कुठे? आणि पाकिटाचे पैसेही लागत नाहीत. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुटी विक्री बंद केली. अंमलबजावणी हा वेगळाच विषय, त्यावर तासभर बोलता येईल.

आपला आकडा? राष्ट्रीय सर्वेक्षणात २००९-१० मध्ये गोव्यातले ८.८ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, २०१६-१७ मध्ये ९.७. फरक किरकोळ आहे, सर्वेक्षणाच्या चुकीतही मोडेल. पण त्याच काळात देश ३४.६ वरून २८.६ वर उतरला. आपण मुळातच कमी होतो, पण उतरलो नाही.

जे आधीच लागलेत त्यांच्यासाठीही वेळ गेलेली नाही. सिगारेट सोडल्यावर दहाएक वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका, ओढत राहणाऱ्यापेक्षा, जवळपास निम्म्यावर येतो. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर सरकारी नंबर लिहून घ्या, फोन मोफत आहे: १८००-११-२३५६.