आखणी

(दृश्य: दांडिया बाजारातली मूर्तिशाळा, सकाळ)

बडोदा. गणपतीला तीन आठवडे उरलेत. रंगकाम उरकत आलंय, राहिलेत ते डोळे. डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती कुणाच्याही हाती देत नाहीत.

काकांचा हात बघा. गुडघ्यावर आहे तोवर शांत. झिरो नंबरचा ब्रश काळ्या रंगात बुडतो, तेव्हाही फारसं काही नाही. टोक बुबुळापाशी आलं, की मात्र थरथर सुरू. काम जितकं नेमकं, तितका कंप जास्त. चहाचंही तेच, कप ओठांशी येईपर्यंत निम्मा बशीत.

याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. घरच्यांना आधी वाटलं म्हातारपण, मग वाटलं पार्किन्सन्स. पण पार्किन्सन्समध्ये हात बहुतेक वेळा स्वस्थ असतानाच हलतो.

बिघाड हातात नाहीच. मेंदूच्या गाभ्यात थॅलॅमस आहे, हालचालींचे निरोप तिथून पुढे जातात. तिथं पोचायचं तर कवटीला भोक पाडून तार आत सोडायची, ही वाट 1987 पासून रुळलेली आहे. दुसरी वाट आवाजाची.

(दृश्य: सुरसागर, काठावर दोन मुलं)

दोघांनी एकदम खडे टाकले. लाटा मधे भेटल्या आणि तिथं पाणी जरा उंच उठलं. आता दोनाच्या जागी 1024 खडे धरा, पाण्यात पडणारे नाहीत, आवाज सोडणारे, डोक्याभोवती टोपासारखे बसवलेले. प्रत्येकातून सेकंदाला साडेसहा लाख कंपनं, कानाला अजिबात न ऐकू येणारी. एकेकटी लाट अगदी क्षीण. वाटेतल्या मेंदूला तिची दखलही नसते. सगळ्यांची जिथं गाठ पडते, तिथंच काय ते घडतं.

खोडा घातला तो कवटीनं. हाडातून आवाज पाण्याच्या जवळपास दुप्पट वेगानं पळतो. त्यात हाड कुठं जाड, कुठं पातळ. लाटा पुढेमागे होतात आणि गाठ चुकते. म्हणून आधी कवटीचा सीटी स्कॅन काढतात आणि त्यावरून कुठल्या खड्यानं किती आधी निघायचं ते संगणक ठरवतो. एवढं जमायला कित्येक दशकं गेली. आम्हाला विचाराल तर खरी कमाल हीच.

पुढचं ऐकायला सोपं आहे. डोक्याचा गोटा, भोवती खेळतं गार पाणी, रुग्ण जागा, एमआरआयमध्ये. ठिपक्याएवढी जागा 55 ते 60 अंशांपर्यंत तापवून जाळतात. मधे मधे रुग्णाला कागदावर गोल गोल चकली काढायला सांगतात. रेघ थरथरायची थांबली की नेम बसला. अमेरिकेत याला 2016 मध्ये मान्यता मिळाली. चिरा नाही, पण ऑपरेशनच आहे हे. जळलेलं परत येत नाही. काहींना बधिरपणा येतो, तोल जातो, काहींचा कंप परततो.

(दृश्य: पाण्याच्या टाकीत कवटीचा साचा)

आवाज मंद ठेवला तर? जाळायचं नाही, नुसतं हलकेच डिवचायचं. 1958 मध्ये अमेरिकेत फ्राय बंधूंनी मांजराच्या मेंदूत, डोळ्यांचे निरोप पुढे धाडणाऱ्या ठाण्यावर असा आवाज रोखला. उजेडाला मिळणारा प्रतिसाद मंदावला आणि थोड्या वेळानं पूर्ववत झाला. फक्त त्यासाठी कवटी उघडावी लागली होती. 2025 मध्ये लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तेच ठाणं निवडलं, या वेळी माणसांत आणि बंद कवटीतून. टोपात 256 खडे. त्यांच्या एका प्रयोगात मेंदूच्या दृष्टिभागातला बदल निदान 40 मिनिटं टिकला. हे अजून प्रयोगशाळेतलं आहे, दवाखान्यातलं नाही.

(दृश्य: पुन्हा मूर्तिशाळा, संध्याकाळ)

काकांचं अजून काही ठरलेलं नाही. यंदा आखणीला मुलगा बसलाय. काका मागे स्टुलावर, हात गुडघ्यावर.

"बाबा, बरोबर आहे का?"

"पापणी जरा खाली घे. हं. आता श्वास सोड, मग रेघ ओढ."