नहशोनचा आहेर

(वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं भाषण. बोलण्याचा बाज ठेवून थोडी काटछाट केली आहे.)

अध्यक्ष महाराज, आणि एवढ्या उकाड्यात पंख्याखालच्या जागा धरून बसलेली मंडळी, नमस्कार. ज्यांना पंख्याखाली जागा मिळाली नाही, त्यांना जरा जास्त नमस्कार.

परिचय करून देताना सरांनी मला 'बायबलचे अभ्यासक' म्हटलं. ते तेवढं मागे घ्या सर. मी अठ्ठावीस वर्षं एसटीत वाहक होतो. धुळे, सोनगीर, चिमठाणे, दोंडाईचा, नंदुरबार. थांब्यावर कोणी उतरणारं असो-नसो, नाव पुकारायचं, ही सवय हाडात मुरलेली. आजचं माझं सगळं म्हणणं त्या सवयीतूनच आलंय, हे आधी कबूल करतो. पत्रिकेवर विषय छापलाय 'मराठी बायबल: भाषांतराचा इतिहास आणि घरातलं वाचन'. भाषांतरावर येतोच. आधी घर.

आमच्या प्रोटेस्टंट बायबलात पुस्तकं ६६ आणि अध्याय ११८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले, तर आठवड्याला तेवीस होतात. बावन्न आठवड्यांचे ११९६. म्हणजे वर्षात पुस्तक संपून सात अध्याय हातात उरतात. तिकिटांचा हिशोब केलेला माणूस आहे, बेरीज चुकणार नाही. कागदावर किती सोपं! मी एकट्यानं चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा एकाच ठिकाणी गाडी बंद पडली. उत्पत्ती भराभर जातं. त्यात गोष्टीच गोष्टी आहेत, भावाभावांची भांडणं आहेत, आपल्याकडच्या वाटण्यांसारखी. निर्गमही समुद्र ओलांडेपर्यंत पळतं. मग देवाच्या उपासनेच्या तंबूची मापं लागतात आणि जानेवारीच्या शेवटी येतं लेवीय. यज्ञ कसा करायचा, चरबी कुठली जाळायची, कातडीवरचा डाग कधी तपासायचा. तिथं खूण म्हणून घातलेली लग्नपत्रिका पुढच्या डिसेंबरात तिथंच सापडायची.

आमच्या शेजारी आप्पा राहतात. माळकरी माणूस, दरवर्षी ज्ञानेश्वरीचं पारायण. एकदा त्यांनी मला ओट्यावर गाठलं. म्हणाले, "तुम्ही मनातल्या मनात वाचता? मग घराला काय ऐकू येतं?" मी म्हटलं, आप्पा, काही भाग फार रुक्ष आहे हो. तर म्हणाले, "आम्ही सप्ताहात ओवी गाळत नाही. कळली तरी वाचायची, न कळली तरी वाचायची." ख्रिस्ती माणसाला बायबल कसं वाचावं हे वारकऱ्यानं शिकवलं, हे इथं उघडपणे सांगायला मला लाज वाटत नाही. आमच्या पाळकांना वाटते थोडी. (हशा)

तर १ जानेवारीला, रात्री नऊला, जेवणं आटोपल्यावर आमच्या पुढच्या खोलीत बसलो. मी, बायको, मुलगा, सूनबाई, नातू, आप्पा, माझे दोन जुने ड्रायव्हर मित्र, आणि गल्लीतली जिजी. जिजीला अक्षरओळख नाही. तिच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते. आमच्याकडे ती आली ती आधी शेंगदाण्यांसाठी, नंतर ऐकायला. पुण्याची मुलगी आणि जावई मोबाइलवर. जावयांचं एक सांगतो. ग्रुपवर मी लेवीय तेरा टाकलं, वचनं ५९, आणि अकराव्या सेकंदाला त्यांचं हात जोडल्याचं चित्र आलं. मी कळवलं, जावईबापू, एवढी फास्ट गाडी आमच्या डेपोला नव्हती.

आता एक तक्रार. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते, नाव घेत नाही. त्यांनी वाचनाचं छापील वेळापत्रक वाटलं. त्यात याद्या, वंशावळी, मोजमापं, सगळं गाळलेलं, आणि वर लिहिलेलं: 'गृहिणी व मुलांसाठी सोपे'. आमच्या घरून विचारणा झाली, "बायकांना याद्या जड जातात हे यांना कोणी सांगितलं? महिन्याच्या किराण्याची यादी कोण करतं?" तो कागद मग डब्याखाली गेला. पण मुद्दा राहतोच. जे गाळलं, ते गाळल्यानं काय जातं?

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, लग्नसराई सुरू. गल्लीच्या टोकाला मांडव, त्यावर भोंगा. आमचं चाललं होतं गणना, अध्याय सातवा. ज्यांनी वाचलाय ते हसताहेत. ८९ वचनं आहेत. तंबूचं काम पूर्ण होतं आणि इस्राएलच्या बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस भेटी आणतात, दिवसाला एक. पहिल्या दिवशी यहूदा वंशाचा सरदार, अम्मीनादाबाचा मुलगा नहशोन. त्यानं काय आणलं? १३० शेकेल वजनाचं चांदीचं ताट, ७० शेकेलचा चांदीचा कटोरा, दोन्हींत तेलात मळलेला सपीठ. दहा शेकेलचं सोन्याचं धूपपात्र. गोऱ्हा, मेंढा, वर्षाचं कोकरू, बकरा, पुढे आणखी बैल आणि मेंढे. दुसऱ्या दिवशी दुसरा सरदार, आणि आणतो काय? तेच. १३० शेकेल, ७० शेकेल, सपीठ. तिसऱ्या दिवशी तेच. वाचायची पाळी नातवाची होती. चौथ्याला तो म्हणाला, "आजोबा, बाकीच्यांनीही सेम आणलं असं म्हणून टाकू?" माझंही मन तेच म्हणत होतं.

तेवढ्यात बाहेर भोंग्यावर आहेर पुकारायला लागले. अमक्या गावचे अमके, एकशे एक रुपये. तमक्या गावचे तमके, एकशे एक रुपये. खोलीत सगळे गप्प. मग जिजी आपल्या अहिराणीत बोलली, एकाचं नाव घेतलं आणि दुसऱ्याचं नाही, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. "वाच रे बेटा. एकनं नाव लिधं, दुसरानं नही लिधं, ते जलमभर बोलनं ऐकनं पडस."

मंडळी, आहेराची वही जिनं सांभाळलीय तिला हे सांगावं लागत नाही. रक्कम सारखी असली म्हणून 'इतर अकरा पाहुण्यांकडूनही तेवढेच' असं पुकारून बघा, पंगत उठायच्या आत मुलीकडचे उठतील. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की बाराही घरं ऐकायला बसलीत. नातवानं मग बाराच्या बारा वाचले. आठव्यापासून तर ते भोंगेवाल्याच्या चालीवर वाचले, आणि शेवटी एकूण चांदी २४०० शेकेल आली तेव्हा ड्रायव्हर मित्रानं टाळी दिली. त्या रात्री गणना सात आमच्या घरात सगळ्यांत आवडता अध्याय झाला. जगात दुसऱ्या कुठल्या घरात झाला असेल असं वाटत नाही.

मार्चच्या मध्यावर रूथ. छोटं पुस्तक, चार अध्याय. गव्हाची काढणी चालू होती, हार्वेस्टरची धूळ खिडकीतून आत. नवरा गेलेली परकी सून सासूबरोबर बेथलेहेमला येते आणि पोटासाठी बवाजच्या शेतात सरवा वेचते. नातवानं विचारलं, सरवा म्हणजे काय? सूनबाईला सांगता येईना, ती नाशिकची. जिजीनं सांगितलं. पीक काढून झाल्यावर मागे जे सांडतं, ते वेचायचं. तिच्या तरुणपणी ती भुईमुगाच्या शेतात जायची. काढणी झाली की खुरपीनं माती उकरून राहिलेल्या शेंगा काढायच्या, पदराच्या ओट्यात घ्यायच्या. एकदा मालकाच्या माणसानं ओटा झटकायला लावला होता. हे सांगताना तिनं पदर हातात धरून दाखवला, कसा तो.

मी लेवीयचा एकोणिसावा अध्याय काढला. शेताची कड कापू नका, सरवा वेचू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असा तिथं नियम आहे. दीड महिन्यापूर्वी आम्ही तो वाचला होता आणि कोणाच्याही लक्षात राहिला नव्हता. बवाज भला माणूस होता हे खरं, पण रूथ त्या शेतात भीक मागायला गेली नव्हती. कायद्यानं तिचा तिथं हक्क होता. जिजीनं एवढंच विचारलं, "त्या शेटला हे कोणी वाचून नव्हतं दाखवलं का?"

पुढचं लवकर सांगतो. आमचं वेळापत्रक मे-जूनमध्ये कोलमडलं. पाहुणे, मग पेरणी. मत्तय हिशोबानं ऑक्टोबरात यायला हवं होतं, ते आलं नाताळाच्या तोंडावर. पहिला अध्याय, येशूची वंशावळ. नातू वाचतोय: अम्मीनादाबाला नहशोन झाला, नहशोनाला सल्मोन झाला, सल्मोनाला राहाबेपासून बवाज झाला. जिजीनं हात वर केला. "हाऊ तोच शे ना, पहिला आहेरवाला?"

मी मागचं उघडलं. तोच. आणि रूथच्या शेवटच्या वचनांतही तोच होता, आम्ही सगळे वाचता येणारे तिथं नुसते वाचून गेलो होतो. आपल्याकडे गावात नवं पोर दिसलं की म्हातारी माणसं विचारतात, तू कोना पोऱ्या शे? जिजी दहा महिने त्याच कानानं ऐकत होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' आयुष्यभर लोकांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या, आता फिटताहेत. (हशा)

तर भाषांतर. पळवतो. इंग्लंडहून गोव्याला आलेल्या फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं. ते भाषांतर नव्हे, बायबलची कथा आहे, पण ओवीत, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. ओवी कशाला? लोकांना म्हणता यावी, ऐकता यावी म्हणून. आप्पांचा मुद्दा चारशे वर्षांपूर्वी कोणाला तरी कळला होता. मग मिशनरी विल्यम केरी, बंगालात श्रीरामपूरला, मराठी नवा करार १८११. मग पंडिता रमाबाई. संस्कृतात मुरलेली बाई, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि केडगावला बसून सबंध बायबल मराठीत केलं. पंडिती मराठी हाताशी असून साधी मराठी निवडली, आश्रमातल्या बायकांना कळावी म्हणून. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ ला आला. यावर खरं तर तासभर बोलायचं होतं.

आणि मूळ मुद्दा. नहेम्याचा आठवा अध्याय घरी जाऊन बघा. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, देवळाची सेवा करणारे लेवी लोक समजावून सांगतात, आणि ऐकणारे रडतात. प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला लिहितो, हे पत्र तुमच्याकडे वाचून झालं की शेजारच्या लावदिकीयातही वाचून दाखवा. प्रकटीकरणाच्या सुरुवातीला धन्य म्हटलंय ते वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना. पुस्तक घरोघरी छापील आलं ते फार नंतर. त्याआधी ते खोलीतच होतं, कोणीतरी वाचणारं आणि भोवती शेंगदाणे खाणारे.

दुसरी चिठ्ठी आली, हिच्यावर नुसती उद्गारचिन्हं आहेत. बसतो. आमची दुसरी फेरी यंदा जानेवारीत सुरू झाली आणि आजवर एकही रात्र चुकलेली नाही. आज इतिहासाचं पहिलं पुस्तक लागतंय, पहिले नऊ अध्याय बहुतेक नावंच नावं. यायचं असेल तर नऊ वाजता या. नहशोन दुसऱ्या अध्यायात आहे, पण जिजीला आधी सांगू नका.